जूनमधली तारीख कच्ची असते: इंग्लंडमधला फुटबॉल सामना, टीव्हीची निवड आणि तुमचं तिकीट

इंग्लिश प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनच्या मध्यावर जाहीर होतं. ३८ फेऱ्या, ३८० सामने, आणि शनिवार-रविवारच्या जवळपास प्रत्येक सामन्यासमोर एकच वेळ: शनिवार, दुपारी ३. ही यादी पाहून पुण्याहून विमानाची तिकिटं काढणारे, किंवा लेस्टरमध्ये राहून न्यूकॅसलच्या सामन्यासाठी रेल्वेचं स्वस्त तिकीट आधीच घेऊन ठेवणारे हमखास अडकतात. ती तारीख खोटी नसते, कच्ची असते. ती पक्की होते टीव्ही कंपन्यांनी आपले सामने निवडल्यावर, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून या निवडीचा पसारा बराच वाढला आहे.

मैदानावर जाऊन सामना पाहायचा असेल तर एक गोष्ट पक्की धरा: टीव्हीचे निर्णय ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने त्यांच्या मागून तुमचा पैसा गेला पाहिजे. आधी आठवडा पक्का होतो, मग वार, मग वेळ. ज्या खर्चाला फक्त आठवडा माहीत असणं पुरतं, तो आधी करा. ज्याला नेमकी वेळ लागते, तो सगळ्यात शेवटी.

नियम नेमके काय बदलले

२०२२ ते २०२५ या तीन हंगामांत ब्रिटनमध्ये ३८० पैकी २०० सामने थेट दाखवले जात होते. स्कायकडे १२८, टीएनटी स्पोर्ट्सकडे (आधीचं नाव बीटी स्पोर्ट) ५२ आणि ॲमेझॉनकडे २०. डिसेंबर २०२३ मध्ये पुढचा करार जाहीर झाला: २०२५ ते २०२९ असे चार हंगाम, किंमत ६७० कोटी पौंड. यात स्कायला हंगामाला किमान २१५ सामने मिळाले, टीएनटीला ५२, आणि ॲमेझॉन बाहेर पडलं. बेरीज २६७.

आकड्यापेक्षा त्यामागची अट महत्त्वाची आहे. शनिवार दुपारी ३ सोडून इतर कुठल्याही वेळी होणारा प्रीमियर लीगचा प्रत्येक सामना आता थेट दाखवला जातो. पूर्वी गुरुवारी युरोपीय स्पर्धेत खेळलेल्या संघाचा सामना रविवारी दुपारी २ ला ढकलला, तरी तो टीव्हीवर असेलच असं नव्हतं. आता असतोच. त्यामुळे ३८० मधून २६७ वजा केले की शनिवार दुपारी ३ साठी जेमतेम ११३ सामने उरतात. मधल्या वारी होणाऱ्या ५ फेऱ्या बाजूला ठेवल्या तरी शनिवार-रविवारच्या ३३ फेऱ्यांत ३३० सामने येतात. म्हणजे जूनच्या यादीतला तुमचा सामना छापलेल्या वेळीच होण्याची शक्यता साधारण तीनात एक. तुमचा संघ मोठा असेल तर त्याहून कमी.

खालच्या तीन विभागांचंही चित्र पालटलं आहे. इंग्लिश फुटबॉल लीगने स्कायशी २०२४ ते २०२९ असा पाच हंगामांचा, ९३.५ कोटी पौंडांचा करार केला. हंगामाला हजारावर सामने थेट दिसतात, त्यात चॅम्पियनशिपचे, म्हणजे दुसऱ्या विभागाचे, ३२८. त्यासाठी बरेच सामने शनिवारी दुपारी १२:३० वर, शुक्रवारी रात्री किंवा रविवारी गेले. या लीगची एक गोष्ट मात्र चांगली आहे: निवड मोठ्या टप्प्यांत आणि बऱ्याच आधी जाहीर होते. चॅम्पियनशिपचा चाहता प्रीमियर लीगच्या चाहत्यापेक्षा लवकर निर्धास्त होतो.

दुपारी ३ ची पडदाबंदी

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, घटनेतलं ४८ वं कलम प्रत्येक देशाच्या संघटनेला आठवड्याच्या शेवटी असे अडीच तास राखून ठेवण्याची मुभा देतं, आणि इंग्लंड ती वापरतं. कल्पना १९६० च्या दशकातली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचं म्हणणं होतं, की शनिवारी दुपारी मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले तर लहान क्लबांच्या मैदानावर कोण येणार? तिकीटखिडकी हाच त्या क्लबांचा मुख्य आधार होता, आणि तिसऱ्या-चौथ्या विभागात तो आजही फार मोठा आधार आहे. म्हणून ही बंदी टिकावी असंच आमचं मत आहे. गैरसोय होते हे मान्य, पण शनिवारी दुपारी ३ ला लेटन ओरिएंटसारख्या लंडनमधल्या लहान क्लबच्या मैदानावर जे लोक येतात, त्यात या अडीच तासांचाही वाटा असावा.

बंदी फक्त ब्रिटनपुरती आहे. भारतात तोच सामना रीतसर दिसतो. नाशिकमधल्या मावशीला घरच्या टीव्हीवर जो सामना दिसतो, तो मँचेस्टरमध्ये मैदानापासून एका मैलावर राहणाऱ्या भाच्याला दिसत नाही. त्याच्यासाठी वैध मार्ग तीन: मैदानावर जाणं, रेडिओ ऐकणं, किंवा रात्री बीबीसीवर क्षणचित्रं पाहणं.

पहिली पायरी: आठवडा निवडा, सामना नाही

जूनची यादी आली की तुमच्या संघाचे घरच्या मैदानावरचे सामने वेगळे काढा. मग त्यातले पुढचे सामने खोडत जा.

लीग कप अंतिम सामन्याच्या आठवड्यातला सामना खोडा. या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये लीगच्या एका फेरीवर येऊन आदळतो. अंतिम फेरीत कोण जाणार हे उपांत्य फेरी संपल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं की त्या दोन संघांचे लीगमधले सामने उचलून दुसरीकडे टाकले जातात. २०२५ मध्ये १६ मार्चला लिव्हरपूल आणि न्यूकॅसल अंतिम सामना खेळले. त्याच फेरीतला ॲस्टन व्हिला विरुद्ध लिव्हरपूल हा सामना आधी ओढून १९ फेब्रुवारीला खेळवला गेला, तर न्यूकॅसल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस १६ एप्रिलला गेला. एका फेरीतले दोन सामने, एक महिनाभर अलीकडे आणि एक महिनाभर पलीकडे. मुंबईहून येणाऱ्याचा अशा वेळी सामनाच हुकतो.

एफए कपच्या उपांत्य फेरीच्या आजूबाजूचे आणि युरोपीय बाद फेरीच्या काळातले, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढचे मोठ्या संघांचे सामनेही शक्यतो टाळा. तिथे सामना रद्द होत नाही, पण वार शेवटपर्यंत लटकलेला राहतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची ओढ सगळ्यांना असते. सुट्टी असते, रोषणाई असते. नियोजनाच्या दृष्टीने मात्र तो सगळ्यात अवघड आठवडा. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाही, २६ ला बहुतेक मार्ग बंद असतात. शिवाय २६ डिसेंबरला भरगच्च सामने असतात, ही जुनी समजूत आता धरून चालत नाही. २०२५ मध्ये त्या दिवशी प्रीमियर लीगचा एकच सामना झाला: रात्री ८ वाजता, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध न्यूकॅसल. कारण पुन्हा टीव्हीचाच हिशेब. करारानुसार ३३ फेऱ्या शनिवार-रविवारीच घ्याव्या लागतात, युरोपीय स्पर्धा लांबल्या आहेत, आणि त्या वर्षी २६ तारीख शुक्रवारी होती. त्याआधी २०२३ मध्ये वुल्व्ज विरुद्ध चेल्सी हा सामना चक्क २४ डिसेंबरला ठेवला होता, १९९५ नंतर पहिल्यांदाच. चाहत्यांनी खूप विरोध केला, पण तारीख बदलली नाही.

उलट सगळ्यात भरवशाचा दिवस म्हणजे हंगामाचा शेवटचा रविवार. त्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, कारण कुणाला दुसऱ्याचा निकाल आधी कळून फायदा होऊ नये. टीव्हीला तिथे हलवाहलव करता येत नाही. अडचण इतकीच की तिकीट मिळणं कठीण. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने बरे: निवड लवकर जाहीर होते, हवामान सुसह्य असतं, कपस्पर्धांचे अडथळे कमी. आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी त्याच काळात येते, तेवढी पाहून घ्या. त्या आठवड्यांत प्रीमियर लीग बंद असते.

दुसरी पायरी: निवड कधी जाहीर होणार ते टिपून ठेवा

टीव्हीची निवड महिन्या-दीड महिन्याच्या गठ्ठ्यांत येते. पहिली यादी जुलैच्या सुरुवातीला, पुढच्या याद्या सामन्यांच्या साधारण पाच-सहा आठवडे आधी. कुठल्या महिन्याची यादी कोणत्या तारखेपर्यंत येईल, हे लीग स्वतःच्या संकेतस्थळावर हंगामाआधी सांगते. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि सामन्याच्या तारखेइतकीच महत्त्वाची माना. कधी ती दोन-चार दिवस पुढेही सरकते, म्हणून त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी परत न मिळणारं काही विकत घेण्याचा बेत ठेवू नका.

यादी आल्यावर ती तळटिपांसकट वाचा. वसंतातल्या याद्यांमध्ये 'युरोपीय स्पर्धेतल्या सहभागावर अवलंबून' अशा अर्थाची ओळ असते. ती तुमच्या सामन्याला लागू असेल, तर वार अजून पक्का झालेला नाही असंच समजा.

तिसरी पायरी: यादी येण्याआधी अंदाज बांधा

हे जमलं की अर्धी चिंता मिटते. आधी जागा समजून घ्या. शनिवार १२:३० ची जागा टीएनटीची. शनिवार संध्याकाळी ५:३०, रविवार दुपारी २ आणि ४:३०, शुक्रवार रात्री ८, सोमवार रात्री ८ या स्कायच्या. रविवारी दुपारी २ ला एकाहून जास्त सामने असू शकतात. बाकी जागांवर बहुधा एकेकच.

आता तुमचा संघ आणि समोरचा संघ, दोघांचं त्या आठवड्यातलं युरोपीय वेळापत्रक पाहा. दोघांपैकी एकही संघ गुरुवारी युरोपा किंवा कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धांमध्ये खेळत असेल, तर शनिवार विसरा. सामना बहुधा रविवारी जाणार. दोन लढतींमध्ये विश्रांती लागते. बुधवारी चॅम्पियन्स लीगमध्ये परदेशात खेळलेल्या संघाला सहसा शनिवारी १२:३० ला उतरवत नाहीत. पुढच्या मंगळवारी चॅम्पियन्स लीग असेल तर शनिवारच बहुधा कायम राहतो. सोमवार रात्रीची जागा बहुधा त्या आठवड्यात युरोपात न खेळणाऱ्या दोन संघांच्या वाट्याला येते. दोन्ही संघ बलाढ्य असतील तर रविवार ४:३० किंवा शनिवार ५:३० धरून चाला.

२०२५-२६ मध्ये इंग्लंडचे ९ क्लब युरोपात होते, त्यातले ६ एकट्या चॅम्पियन्स लीगमध्ये. दहा सामन्यांच्या फेरीत नऊ संघांना युरोपचं बंधन असलं की हलवायला मोकळे सामने किती राहतात, हे मोजून पाहा. म्हणूनच मधल्या फळीतल्या, युरोपात नसलेल्या संघांचे चाहते शुक्रवार आणि सोमवारच्या रात्री सगळ्यात जास्त सोसतात. त्यांच्याकडे लक्ष कमी जातं, आणि दक्षिण किनाऱ्यावरून ईशान्येला सोमवारी रात्रीच्या सामन्याला जाणाऱ्या माणसाचा मंगळवारचा पगार बुडतो तो बुडतोच.

आणखी एक: एकाच शहरातले दोन संघ सहसा एकाच दिवशी घरी खेळत नाहीत. मँचेस्टर, लिव्हरपूल आणि उत्तर लंडनमध्ये पोलिसांच्या दृष्टीने ते अवघड असतं. शेजारच्या संघाचा सामना शनिवारी लागला की तुमचा रविवारी सरकण्याची शक्यता वाढते.

चौथी पायरी: खर्चाचा क्रम

भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसा पहिला करावा. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा सहसा सहा महिन्यांचा मिळतो, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. सामना शनिवारी की सोमवारी, याचा व्हिशाशी काही संबंध नाही, म्हणून निवडीची वाट पाहत अर्ज लांबवू नका. विमानाचं तिकीट काढल्याशिवाय अर्ज होत नाही, ही समजूतही चुकीची आहे.

विमानासाठी नियम सोपा आहे: गुरुवारी पोहोचा, मंगळवारी निघा. पाच रात्री. शुक्रवार रात्री ८ पासून सोमवार रात्री १० पर्यंत सामना कुठेही सरकला, तरी तुम्ही तिथेच असता. शनिवारी सकाळी उतरून रविवारी रात्री परत, असा बेत करणाऱ्याला शुक्रवार किंवा सोमवारचा सामना मारतो. मधल्या वारच्या फेरीचा सामना निवडला असेल, तर सोमवारी पोहोचा आणि शुक्रवारी निघा. परतीची तारीख थोड्या शुल्कात बदलता येईल असं तिकीट मिळालं तर उत्तम. तो फरक सामना हुकण्यापेक्षा स्वस्त पडतो.

हॉटेल आदल्या दिवसापर्यंत मोफत रद्द करता येईल असंच घ्या. यादी आली, वेळ पक्की झाली, की मग हवं तर स्वस्त, परत न मिळणाऱ्या दराने पुन्हा आरक्षण करा आणि पहिलं रद्द करा.

सामन्याचं तिकीट क्लबकडूनच. बहुतेक मोठ्या क्लबांत आधी सभासदत्व घ्यावं लागतं, मग सोडत किंवा ठरलेल्या दिवशीची विक्री. विक्री अनेकदा टीव्हीच्या निवडीआधीच होते. काळजी नको: सामना सरकला तरी तिकीट नव्या तारखेला चालतं. नव्या तारखेला जमत नसेल तर क्लबच्या अधिकृत अदलाबदलीच्या सोयीत तिकीट परत टाका. वेळ बदलल्यावर पैसे परत मिळण्याची मुदत क्लबागणिक वेगळी असते. अटी विकत घेतानाच वाचा, तारीख बदलल्यावर नाही. बाहेरच्या विक्रेत्याकडून घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट विनापरवाना पुन्हा विकणं हा १९९४ च्या फौजदारी कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि असं तिकीट क्लब दारातच रद्द करू शकतो. तारीख बदलली की अशा विक्रेत्यांचे फोन लागत नाहीत, हा वेगळाच ताप. जेवणासकटची महाग अधिकृत तिकिटं सहज मिळतात, पण त्यांच्या अटींत बदललेल्या वेळेसाठी परतावा बहुधा नसतो.

रेल्वे सगळ्यात शेवटी. ब्रिटनमधलं स्वस्त आगाऊ तिकीट एका ठरावीक गाडीलाच चालतं. ते परत घेत नाहीत. गाडी सुटण्याआधी बदलता येतं, पण माणशी कमाल १० पौंड शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो. चौघांचं कुटुंब असेल तर नुसतं शुल्कच जाता-येता ८० पौंडांपर्यंत जातं. वेळ अजून डळमळीत असताना जायचंच असेल, तर गर्दीची वेळ सोडून चालणारं लवचिक परतीचं तिकीट घ्या. ते थोडं महाग, पण त्या दिवशीच्या अनेक गाड्यांना चालतं आणि न वापरता वेळेत परत केलं तर कमाल ५ पौंड कापून पैसे मिळतात. ३ ते ९ जण एकत्र असतील तर गटसवलतीत बऱ्याच मार्गांवर एक तृतीयांश भाडं वाचतं.

पाचवी पायरी: परतीची गाडी आधी बघा

वेळ पक्की झाली की लोक जायची गाडी शोधतात. आधी यायची शोधा. ९० मिनिटं, १५ मिनिटांची मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून सामना साधारण १ तास ५५ मिनिटांत संपतो. रात्री ८ चा सामना म्हणजे ९:५५. मैदानातून बाहेर पडणं, स्थानकाच्या दारातली रांग आणि मुख्य स्थानकापर्यंतचा प्रवास यांना किमान ७५ मिनिटं द्या. म्हणजे ११:१० च्या आधीची लांबच्या शहराची गाडी धरू नका, आणि सोमवारी रात्री त्या वेळेनंतर लांब पल्ल्याची गाडी बहुतेक मार्गांवर नसतेच. मुक्काम करावा लागेल हे गृहीत धरा, किंवा चाहत्यांच्या संघटनेची बस आहे का विचारा. ती सामना संपल्यावर निघते, घड्याळ पाहून नाही.

लंडनमध्ये मुक्काम असेल तर शुक्रवार आणि शनिवारी पाच मार्गांवर रात्रभर भुयारी रेल्वे चालते: व्हिक्टोरिया, ज्युबिली, सेंट्रल, नॉर्दर्न, पिकाडिली. रविवारी आणि सोमवारी नाही. शनिवारी १२:३० चा सामना असेल तर उलट अडचण: पहाटेची पहिली गाडी पोहोचते का ते पाहा. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस देतात. अडीच तासांचा प्रवास चार तासांचा होतो. ही कामं काही आठवडे आधी जाहीर होतात, तिकीट काढताना तपासा.

सहावी पायरी: भारतातून बघणाऱ्यांचं घड्याळ

ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं. आपलं जात नाही. उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा, हिवाळ्यात साडेपाच.

शनिवार १२:३० चा सामना आपल्याकडे ५ ला, हिवाळ्यात ६ ला.
दुपारी ३ चा ७:३० ला, हिवाळ्यात ८:३० ला.
रविवार ४:३० चा रात्री ९ ला, हिवाळ्यात १० ला.
शनिवार ५:३० चा रात्री १० ला, हिवाळ्यात ११ ला.
रात्री ८ चा मध्यरात्रीनंतर १२:३० ला, हिवाळ्यात १:३० ला. म्हणजे कॅलेंडरवर दुसरा दिवस.

शेवटच्या ओळीत सगळ्यात जास्त चुका होतात. 'सोमवारचा सामना' आपल्याकडे मंगळवारी पहाटे असतो. प्रीमियर लीगचे भारतातले हक्क २०२५-२६ पासून तीन हंगामांसाठी जिओस्टारकडे आहेत, म्हणजे स्टार स्पोर्ट्सच्या वाहिन्या आणि जिओहॉटस्टार. चॅम्पियन्स लीग मात्र सोनीकडे. दोन्ही पाहणाऱ्याला दोन वर्गण्या लागतात, आणि वार्षिक वर्गणी भरण्याआधी त्या स्पर्धेचे हक्क कुठल्या हंगामापर्यंत आहेत हे पाहणं शहाणपणाचं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. कुठल्याही वाहिनीवरचं किंवा मोबाइलवरचं थेट टीव्ही प्रक्षेपण पाहायला तिथे टीव्हीचा परवाना लागतो. २०२५-२६ मध्ये तो वर्षाला १७४.५० पौंड होता. स्काय किंवा टीएनटीची वर्गणी वेगळी. परवान्याशिवाय पाहताना सापडल्यास दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. वर्गणी घेताना महिन्याची घ्या आणि यादी पाहून घ्या: तुमच्या संघाचा त्या महिन्यात टीएनटीवर सामनाच नसेल, तर लीगपुरता टीएनटीचा महिना वाया जातो.

सातवी पायरी: जोडीला एक सामना हाताशी ठेवा

वादळात, बर्फात किंवा सुरक्षेच्या कारणाने सामना ऐन वेळी पुढे ढकलला जातो. ७ डिसेंबर २०२४ ला लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांची लढत 'डाराह' वादळामुळे त्याच सकाळी रद्द झाली आणि १२ फेब्रुवारीला खेळली गेली. गुरुवार-मंगळवारचा बेतही इथे कामाला येत नाही. म्हणून त्याच आठवड्यात, त्याच भागात खालच्या विभागातला किंवा महिला सुपर लीगचा एक सामना टिपून ठेवा. तिकीट स्वस्त, अनेकदा त्याच दिवशी मिळतं, खेळाडू हाताच्या अंतरावर. लंडनमध्ये चार्लटन, लेटन ओरिएंट, विम्बल्डन, ब्रॉमली, बार्नेट यांपैकी कुणी ना कुणी शनिवारी दुपारी ३ ला बहुधा घरी असतं.

आठवी पायरी: तक्रार कुठे आणि कशी

चाहत्यांचं कुणी ऐकत नाही असं नाही. जर्मनीत २०१७-१८ मध्ये सोमवारचे सामने सुरू केले, हंगामाला पाचच. तिथल्या चाहत्यांनी स्टँड रिकामे ठेवले, मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले, आणि २०२१-२२ पासून बुंदेसलिगातले सोमवारचे सामने बंद झाले. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडमुळे मैदानं रिकामी असताना, टीव्हीवर एक सामना पाहायला १४.९५ पौंड असा दर लावला गेला. अनेक चाहत्यांनी तेच पैसे अन्नछत्रांना दिले, आणि पुढच्याच महिन्यात ती योजना गुंडाळली गेली. पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावरची ३० पौंडांची मर्यादा २०१६-१७ पासून आहे, तीही अशाच चळवळीतून.

तुमचा सामना उशिरा सरकला आणि नुकसान झालं, तर पहिलं पत्र क्लबच्या चाहता-संपर्क अधिकाऱ्याला लिहा. त्यात चार गोष्टी द्या: जुनी तारीख-वेळ, नवी तारीख-वेळ, बदल कळल्याचा दिवस, आणि प्रत्येक बुडालेल्या खर्चाची पावती. संताप दोन ओळींत, आकडे बाकीच्या पानात. सामन्याला किती दिवस उरले असताना बदल कळला, तो आकडा सगळ्यात वर ठेवा, कारण आगाऊ सूचनेबद्दल लीगने स्वतः जाहीर केलेल्या तारखेशी तोच ताडून पाहिला जातो. पत्राची प्रत क्लबच्या चाहत्यांच्या ट्रस्टला आणि फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनला पाठवा. लीगशी चाहत्यांच्या वतीने बोलणारी देशव्यापी संघटना तीच आहे. परदेशातून आलेला प्रेक्षक म्हणून पत्र लिहिताना तेही स्पष्ट लिहा. एका सरकलेल्या सामन्याने विमान, व्हिसा आणि रजा असं तिन्ही बुडतं, हे लंडनमध्ये बसलेल्या माणसाच्या हिशेबात सहसा नसतं, आणि ते पावत्यांसकट त्याच्या टेबलावर गेलं तरच येतं.